बोगद्यात गाडी आहे का, भावजी?

भावजी, दहाव्याला तुमच्या पिंडाला कावळा शेवटी कशामुळे शिवला, हे तिथे जमलेल्यांपैकी एकालाही कळलं नाही. म्हणजे मला आणि ताईला कळलं. बाकीच्यांना वाटलं, मी मंत्र म्हटला.

मांडवीच्या किनाऱ्यावर कावळ्यांना काय तोटा? एरवी हातातला वडा तोंडात जाईपर्यंत भरवसा नसतो. पण त्या दिवशी पानावर भात, वडा, खीर सगळं मांडून झालं आणि सात-आठ कावळे सुरूच्या झाडावर ओळीने बसून राहिले, नाटकाला फुकट पास मिळालेल्या लोकांसारखे. बघतायत, पण दाद नाही.

आधी अजय पुढे झाला. तुमचा मुलगा तो, एवढा उंच, पण आवाज पाचवीतल्या पोरासारखा आला. "बाबा, आईला मी एकटं ठेवणार नाही." कावळे ढिम्म. मग संगमेश्वरहून आलेले तुमचे चुलतभाऊ आबा हात जोडून म्हणाले, "वशा, बांधाचा तंटा मी मिटवतो. तू निःशंक जा." एका कावळ्याने मान खाजवली. मला तर वाटलं, त्याचा आबांवर विश्वास बसला नाही. तुमचाही कधी बसला नव्हता.

भटजींनी घड्याळ बघितलं आणि दर्भाचा कावळा वळायला घेतला. तेवढ्यात ताई माझ्या कानाशी आली आणि म्हणाली, "मालू, ह्यांना काय हवंय ते तुला ठाऊक आहे. बोल ना एकदाचं. तुझी मान खाली जाईल म्हणून बोलत नाहीस."

"ताई, दहाव्याला ते बोलायचं?"

"मग कधी बोलणार? पुढच्या जन्मी?"

मी पदर सावरला. दोन पावलं पुढे झाले आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ऐकू जावं अशा आवाजात म्हणाले, "भावजी, बोगद्यात करंटवालंच डिटेक्शन बसवते. तुमचंच. माझा किरण नको."

आणि तो मान खाजवणारा कावळा सरळ खाली आला हो! इकडेतिकडे न बघता, वड्यावर! पाठोपाठ बाकीचे. आबांनी डोळे पुसले. भटजी अर्धवट वळलेला दर्भ हातात धरून माझ्याकडे बघत राहिले. "बाई, हे काय म्हणालात आपण?"

मी शहाणी बाई आहे. कावळ्याला भूक लागली होती, आम्ही बोलायचं थांबलो, माणसं दोन पावलं मागे सरली, म्हणून तो उतरला. एवढं मला कळतं. पण शब्द तोंडातून गेला तो गेला. इतका काळ जे तुमच्यापुढे कबूल केलं नाही, ते मी एका कावळ्यापुढे कबूल करून बसले.

नंतर भटजींना घरी सोडताना रिक्षात मी त्यांच्या शेजारी होते. त्यांना राहवेना. मग मी त्यांना समजावून सांगितलं, तुम्ही मला सांगितलं होतं तसंच. आमच्या भावजींची घरच्या पडवीत खेळण्यातली आगगाडी आहे. (खेळण्यातली म्हटल्याबद्दल क्षमा. रिक्षात "मॉडेल रेलरोड" म्हटलं असतं तर मारुती मंदिरापर्यंत खुलासाच करत बसले असते.) प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिप आहे. रुळांत वीज सतत खेळती असते आणि त्या विजेतूनच संगणक हुकूम सोडतो: तू चल, तू थांब, तू शिट्टी वाज. एकाच रुळावर दोन गाड्या, दोन वेगवेगळे हुकूम. पण हा हुकूम सोडणारा राजा आंधळा आहे. सोडलेली गाडी पोचली कुठे, हे त्याला दिसत नाही. कोणीतरी त्याला सांगावं लागतं, की महाराज, गाडी आता अमुक ठिकाणी आहे. ते सांगणारं जे काही, ते डिटेक्शन.

"मग डोळ्यांनी बघायचं," भटजी म्हणाले.

"बोगद्यात?"

भटजी रिक्षाबाहेर बघायला लागले. बघा, बोगद्याने भल्याभल्यांना गप्प केलंय. नाहीतर आपला तो बोगदा म्हणजे काय, थर्माकोल, प्लास्टर आणि वर हिरवा भुसा. पण आतून तो ताईच्या लोखंडी कपाटामागून जातो आणि तिथे दिसत कोणालाच काही नाही. एक गाडी आत असताना दुसरी सोडली की मागून धडक. कपाटामागून तो आवाज आला की ताई स्वयंपाकघरातून ओरडायची, "किती गेले?" आणि तुम्ही उलट ओरडायचात, "जीवितहानी नाही, चहा टाक."

तुम्ही पोस्टात काय होतात, कुठे कुठे बदली झाली, मागे कोण कोण आहे, ते सगळं पेपरातल्या चौकटीत आलं. अजयने चांगलं लिहिलं होतं. रेल्वेचा उल्लेख मात्र "छंद" एवढ्या एका शब्दात उरकला. मी म्हटलं, अरे, निदान बोगद्याचा तरी उल्लेख कर. तर म्हणे, "मावशी, शब्दांची मर्यादा असते." तुमच्या-माझ्या भांडणाला कधी होती का?

भांडण सुरू झालं ते वाळूपासून. रुळांखाली खडी हवी, तर बाजारातली आणायची सोडून तुम्ही मांडवीची काळी वाळू आणलीत. "अगो, आपल्या घरासमोर देवाने खडी पसरून ठेवली आहे!" ताई म्हणाली, धुऊन घ्या, खारी असते. तुम्ही म्हणालात, धुतलीच आहे. पुढे कधीतरी उघड झालं, की धुतली होती ती तिथेच. समुद्रात!

त्या वाळूने तुम्हाला पहिला इंगा दाखवला तो चुंबकाच्या वेळी. रुळात एक बारीकशी नळी, आत लोखंडाच्या दोन पट्ट्या. इंजिनाच्या पोटाला चुंबक. चुंबक वरून गेला की पट्ट्या एकमेकींना चिकटतात आणि संगणकाला कळतं. साधं, सोपं, स्वस्त. दोन दिवस गाड्या अशा धावल्या की तुम्ही मला "मेव्हणीबाई" म्हणायला लागलात. (तुम्ही जिंकत असलात की मी मेव्हणीबाई आणि हरत असलात की नुसती मालू, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं.) तिसऱ्या दिवशी इंजिन स्टेशनात शिरलं ते दाढी घेऊन. आपली काळी वाळू चुंबकाला चिकटते, हे मांडवीवरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. पोस्टातून निवृत्त झालेल्या माणसाला नव्हतं. ती दाढी चाकांत, दात्यांत, सगळीकडे गेली. तुम्ही दात घासायच्या ब्रशने इंजिनाची दाढी करत होतात आणि मी मागून विचारलं, "कटिंगही करताय का?"

"मालू," तुम्ही म्हणालात, "घरी जा."

मी कुठली जाते! दुसऱ्या दिवशी मी माझा किरण घेऊन आले. रुळाच्या एका बाजूला न दिसणारा प्रकाश टाकणारा दिवा, समोर तो ओळखणारा डोळा. गाडी मध्ये आली, प्रकाश अडला, की कळलं. मोठ्या दुकानाचं दार माणूस बघून आपोआप उघडतं, तसं काहीसं. वाळूचा संबंध नाही, चुंबकाचा नाही, डब्यांना हात लावायचा नाही. बोगद्याच्या दोन तोंडांना दोन किरण बसवले की आत कोण गेलं, बाहेर कोण आलं, कळतं. मी असं भाषण केलं की तुम्ही क्षणभर विरघळलात. तुम्ही स्वतः बसवलात किरण. दिवसभर झकास चालला. आणि संध्याकाळी पश्चिमेच्या खिडकीतून मावळतीचं ऊन थेट त्या डोळ्यात गेलं. डोळा दिपला. समोरून अख्खी मालगाडी गेली तरी त्याला पत्ता नाही.

कपाटामागून आवाज आला.

"किती गेले?" ताई.

"मेव्हणीबाईंची सगळी अब्रू गेली!" तुम्ही.

खिडकीला पडदा लावा, एवढंच माझं म्हणणं होतं. समुद्रावरचा सूर्यास्त रेल्वेसाठी झाकणार नाही, असं तुमचं म्हणणं. आणि त्या वादात तुम्ही हळूच तुमचं ब्रह्मास्त्र काढलंत: करंट. बोगद्यातला रुळाचा तुकडा दोन्ही टोकांना कापून वेगळा करायचा आणि त्यात किती वीज ओढली जाते तेवढं बघत राहायचं. इंजिन आत आलं की वीज ओढतं, वाहू लागलेली वीज कळते. धावणारी असो, उभी असो, गाडी आहे म्हणजे आहे. मी म्हटलं, डब्यांचं काय? डबे वीज ओढत नाहीत. तुम्ही म्हणालात, प्रत्येक डब्याच्या एका आसाला तिळाएवढा रेझिस्टर चिकटवू, तो थोडीशी वीज खाईल. आणि मग भिंगातून बघत तुम्ही ते तीळ चिकटवत बसलात. एक चिकटवला की एक उडायचा. ताई केर काढताना म्हणायची, "आज संक्रांत आहे का?"

"पण मला सांग," तुम्ही म्हणायचात, "गाडीचा एखादा डबा सुटून आतच राहिला, तर तुझ्या किरणाला कळेल का? इंजिन बाहेर आलं, किरण म्हणणार रस्ता मोकळा. करंट म्हणेल, थांब, आत कोणीतरी आहे."

"सुटतोच कशाला डबा?"

"सुटतो. कधीतरी सुटतो."

"आजवर सुटलाय?"

नव्हता सुटला. म्हणून तुम्ही पुढचा तीळ उचलायचात. आणि पावसाळ्यात तर देवच माझ्या बाजूने उतरला. तुमच्या समुद्रात धुतलेल्या वाळूने हवेतला ओलावा पिऊन घेतला, खारं पाणी झिरपलं, आणि या रुळातून त्या रुळात वीज वाळूमधूनच जायला लागली. बोगद्यात चिटपाखरू नाही आणि संगणकाजवळच्या पाटीवरचा लाल दिवा पेटलेला: आत गाडी आहे. मी पडवीभर नाचले. कपाटामागे हात जोडून गाऱ्हाणंच घातलं: बा देवा राखणदारा, बोगद्यात कोणाचं बिऱ्हाड असेल तर त्याला दुसरी जागा दे रे महाराजा, आमची मांडवी पॅसेंजर खोळंबली आहे! आणि तुम्ही, एवढे चिडलेले, पण सवयीने बोलून गेलात, "होय महाराजा!" मग तुम्हीच इतके हसलात की भिंगाचा चष्मा वाळूत पडला.

भावजी, तुम्हाला एक गोष्ट कधी सांगितली नाही. सांगायला हवी होती, पण आपल्यात असलं बोलायची पद्धत नाही. माझी नाटकं सुटत गेली तेव्हा तुम्ही काय केलंत ते मी ओळखलं होतं. आधी मी नायिका होते, मग नायिकेची आई झाले, मग विंगेत पुस्तक धरून वाक्यं पुरवायला बसले, मग तीही पोरं फोनवर बघायला लागली. त्या वर्षी तुम्ही एकदा सहज म्हणालात, "मालू, स्टेशनात घोषणा करायला माणूस हवाय. आवाज हवा, वय चालेल." मी तुम्हाला वाईट बोलले त्या "वय चालेल"वरून. पण दुसऱ्या दिवशी पडवीत उभी राहिले, "कृपया लक्ष द्या" म्हटलं, आणि अंगावर दिवे पडल्यासारखं वाटलं. दोन प्रवासी होते फलाटावर, दोघेही प्लास्टिकचे. माझ्यासाठी हाउसफुल्ल होतं. तुम्ही मला स्टेशन दिलंत, भावजी. आणि मी तुम्हाला काय दिलं? कटकट.

दवाखान्यातही आपण तेच केलं. तुमच्या नाकाला नळी, ताई औषध आणायला गेलेली, आणि तुम्ही मला खुणेने जवळ बोलावलंत. मला वाटलं, आता काहीतरी मोठं सांगणार. जीव मुठीत धरून वाकले. तुम्ही म्हणालात, "बोगद्याचं काय ठरवलंस?"

मी म्हटलं, "बरे होऊन या. मग सांगते."

उत्तर तयार होतं माझं. चांगलं तीन मुद्द्यांचं होतं. अजूनही स्वयंपाक करताना ते म्हणते, आणि प्रत्येक मुद्दा संपला की थांबते. तुम्ही बोलाल एवढी जागा सोडते. ती जागा तशीच राहते. कुकरची शिट्टी होते आणि मी पुढच्या मुद्द्याला जाते. भांडण जिंकण्यात एवढं वाईट काही असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

म्हणून, तेरावं झालं, पाहुणे गेले, आणि मी शब्द पाळायला पडवीत शिरले. आधी ती वाळू काढली. चुंबक फिरवून, चमच्याने, शेवटी ताईच्या केस रंगवायच्या ब्रशने. ताईने शेजारच्या घराच्या बांधकामावरची बारीक खडी आणवली होती. ती तिने विहिरीच्या पाण्यात तांदूळ धुवावेत तशी पाणी नितळ होईपर्यंत धुतली आणि अंगणात वाळत घातली. मी म्हटलं, "ताई, भावजींची वाळू आपण काढतोय. वाईट नाही ना वाटत?" तर म्हणाली, "समुद्र समोर आहे गो. हवी तेव्हा जाऊन भेटू वाळूला." अजयने तारा जोडल्या. शेवटच्या डब्याचा तीळ मी चिकटवला, तुमच्या भिंगातून. पाच उडाले, सहावा बसला.

आज दुपारी सुरू केलं. बोगदा रिकामा, दिवा विझलेला. मी घसा साफ केला. ताई तुमच्या खुर्चीत बसली होती. "कृपया लक्ष द्या! मालगाडी बोगद्याकडे प्रस्थान करीत आहे. मागे मांडवी पॅसेंजर तयारीत आहे. प्रवाशांनी देवाचं नाव घ्यावं."

मालगाडी आत गेली. लाल दिवा लागला. अजयने टाळी वाजवली. इंजिन पलीकडून बाहेर आलं, मागून डबे, अगदी ऐटीत. दिवा मात्र लालच. आणि मागची पॅसेंजर सिग्नलपाशी येऊन आपणहून थांबली.

"बघा!" मी ओरडले. "बघा, पुन्हा भूत! खडी बदलली, पाणी बदललं, तरी तुमचं करंट ते करंटच! म्हणत नव्हते मी?" आणि अशी वळले खुर्चीकडे, बोट रोखून.

खुर्चीत ताई होती. तिने माझ्या बोटाकडे बघितलं नाही. उठली, कपाटामागे हात घातला, खांद्यापर्यंत आत गेला तो हात, आणि धूळ लागलेला गार्डाचा डबा बाहेर काढून माझ्यासमोर धरला. सुटला होता, भावजी. आतच राहिला होता. माझ्या किरणाने बाहेर आलेलं इंजिन बघून पॅसेंजर सोडली असती आणि ती ह्याच्यावर जाऊन आपटली असती.

अजयला हसावं की रडावं कळेना. मी डबा हातात घेतला. तुम्हाला "मेव्हणीबाई" म्हणायला यापेक्षा चांगली वेळ मिळाली नसती. मी म्हटलं, "ताई, जिंकले गं भावजी."

"जिंकले कसले?" ताई म्हणाली. "चुकलात तुम्ही दोघंही. इतकी वर्षं ऐकतेय स्वयंपाकघरातून. चाकं मोजायला हवी होती."

"काय?"

"चाकं! आत किती गेली, बाहेर किती आली. शाळेच्या सहलींना बाई म्हणून मी जन्मभर तेच केलं. एसटीत चढताना पोरं मोजायची, उतरताना मोजायची. एक कमी भरलं तर एक मागे राहिलं. त्याला कशाला हवेत तुमचे तीळ आणि कशाला हवीत ती धुतलेली वाळू?"

मी डबा पदराने पुसला. आणि मग, भावजी, माझ्या तोंडून काय आलं ऐका. "अगो, पण मध्येच लाइट गेली तर? रत्नागिरीत लाइट जायला काय मुहूर्त लागतो? मोजणी गेली की गेली! वीज परत आल्यावर तुझ्या यंत्राला काय कळणार आत किती चाकं राहिली ते? करंटवालं बघ, वीज येताक्षणी सांगणार, आत कोणीतरी आहे!"

ही माझी वाक्यं नव्हेत. हात हलवणंही तुमचंच.

"मोजणी लक्षात ठेवणारं यंत्र घ्यायचं," ताई खुर्चीत सरसावून बसत म्हणाली.

"आणि रुळावरून उचलून ठेवलेल्या डब्याचं काय? हातानेच काढलास ना आत्ता? तो मोजला कोणी?"

"आई, मावशी," अजय म्हणाला, "दिवा विझला. पॅसेंजर सुटली. आपोआप सुटली! मावशी, घोषणा कर ना."

पॅसेंजर बोगद्यात शिरत होती. दिवा पुन्हा लाल झाला, ती पलीकडून निघाली, विझला. इतकी सुरेख गेली की तुम्ही चहा मागितला असतात. मी घोषणा करायला तोंड उघडलं.

"थांब रे अजय," ताई म्हणाली. "आधी मला हिला उत्तर देऊ दे."